घासून पुन्हा छापलेल्या सिड चिप्स : एका खरेदीचा अनुभव

कमोडोर ६४ या संगणकातील सिड ही ध्वनीची चिप विकत घेताना माझी आणि माझ्या एका मित्राची जी फसवणूक झाली, ती येथे सविस्तर लिहीत आहे. पैसे गेल्याचे दुःख आहेच, परंतु लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे. विक्रेत्याने आम्हाला वेळोवेळी जी कारणे दिली त्यांतील प्रत्येक गोष्ट तांत्रिकदृष्ट्या खरी होती, आणि ज्याला या यंत्राची बऱ्यापैकी माहिती आहे त्यालाच ती पटण्यासारखी होती. जुने संगणक जमवणारे आणि दुरुस्त करणारे आपल्यापैकी बहुतेक जण नेमके असेच, म्हणजे बऱ्यापैकी माहिती असलेले, असतात.

प्रथम या चिपची इतकी ओढ लोकांना का आहे ते सांगायला हवे. कमोडोर ६४ हा संगणक १९८२ साली बाजारात आला. त्यातील सिड ही चिप मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीत बॉब यानेस यांनी आखली. त्या काळातील बहुतेक घरगुती संगणकांना फार तर साधे सूर काढता येत असत. सिडमध्ये मात्र तीन स्वतंत्र स्वर, प्रत्येक स्वराच्या चढउतारावर वेगळे नियंत्रण आणि शिवाय एक खराखुरा ॲनालॉग फिल्टर, म्हणजे आवाजाचा काही भाग दाबून त्याचा नाद बदलणारा भाग, होता. या फिल्टरमुळेच तिच्या आवाजाला स्वतःची ओळख मिळाली आणि आजही केवळ त्या आवाजासाठी संगीतकार ही चिप शोधत असतात. कमोडोर कंपनी १९९४ साली दिवाळखोरीत निघाली आणि ही चिप बनणे कायमचे थांबले. जगात जेवढ्या सिड शिल्लक आहेत त्यांतील काही दरवर्षी जळतात, मागणी मात्र कमी होत नाही. बनावट माल निपजायला एवढी परिस्थिती पुरेशी असते.

माझ्याकडचा संगणक माझ्या मामांनी १९८६ साली पश्चिम जर्मनीहून आणला होता. टीव्हीच्या रंगीत चित्राची तिकडची पाल पद्धत आपल्याकडेही असल्याने तो आमच्या घरच्या रंगीत टीव्हीवर काही अडचण न येता चालत असे. अलीकडे त्याचा आवाज बिघडला. आधी फिल्टर गेला, म्हणजे सूर ऐकू येत पण ते बोथट आणि चिरके. नंतर एकेक स्वर बंद पडला. ६५८१ या जुन्या जातीच्या सिडचे हे नेहमीचे दुखणे आहे. ठाण्याच्या माझ्या मित्राकडे असे दोन संगणक आहेत. त्यांपैकी एक जुना आणि चालू, तर दुसरा नंतरच्या घडणीचा, ज्यात ८५८० ही सुधारित सिड असते. तो पूर्ण मुका झाला होता. म्हणून आम्ही दोघांनी मिळून चिप्स मागवायचे ठरवले.

आपल्याकडे हे सुटे भाग मिळणे किती कठीण आहे हे वाचकांना ठाऊक असेल. ऐंशीच्या दशकात सरकारच्या संगणक साक्षरता योजनेतून देशातील शेकडो शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले होते, तरी त्यांचे सुटे भागसुद्धा आज हाती लागत नाहीत, कारण शाळांनी ती यंत्रे निर्लेखित करून वजनावर भंगारात घातली. कमोडोर तर भारतात आले ते बहुतांशी परदेशातून परतणाऱ्यांच्या सामानातून. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फिरून एखादी कळपट्टी मिळेल, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर साध्या लॉजिक चिप्स आणि सॉकेट मिळतील, पण सिड मिळणार नाही. त्यामुळे भारतातच बसलेला, मराठीतून बोलणारा आणि ‘माझ्याकडे चाचणी केलेला साठा आहे’ असे सांगणारा विक्रेता भेटला, तेव्हा परदेशी टपालखर्च आणि जकात वाचेल या विचाराने आम्हाला आनंद झाला.

हा गृहस्थ जाणकार होता, यात शंका नाही. माझा बोर्ड कोणत्या आवृत्तीचा आहे हे त्याने आपणहून विचारले. ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात आणि ८५८० ला ९ व्होल्ट, तेव्हा एकीच्या जागी दुसरी बसवू नका, अशी सूचनाही त्याने दिली. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांतील चिप्स अस्सल होत्या असे मी आजही म्हणेन. एका चित्रफितीत उघडा कमोडोर दिसत होता आणि त्यातून सुरेख संगीत येत होते. जोडीला दोन कुटुंबांची चौकशी, जुन्या दिवसांच्या गप्पा आणि ‘दादा, तुमच्यासारख्यांनीच ही यंत्रे जिवंत ठेवली’ असे बोलणे. भाव प्रत्येकी साडेतीन हजार रुपये होता, म्हणजे संशय यावा इतका स्वस्त नव्हता. रक्कम यूपीआयने त्याच्या वैयक्तिक खात्यावर आगाऊ मागितली, आणि सहा चिप्सचे पैसे आम्ही पाठवले. त्यांत चार ६५८१ होत्या आणि दोन ८५८०.

पार्सल वेळेवर आले, बांधणीही व्यवस्थित होती. त्यातली एक ६५८१ मी सॉकेटमध्ये बसवून यंत्र चालू केले, तर पडदा काळा. चिप काढली, तर नेहमीचा निळा पडदा. हे लक्षण महत्त्वाचे आहे, कारण कमोडोर ६४ सुरू होण्यासाठी सिडची गरजच नसते. सॉकेट रिकामे असले तरी यंत्र फक्त मुके राहते, बाकी सर्व चालते. एखादी चिप घातल्यावर यंत्र सुरूच होत नसेल, तर ती चिप डेटाच्या तारांवर भलतेच काहीतरी करत आहे, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

मी हे कळवल्यावर त्याचे पहिले उत्तर आले की दोष पॉवर सप्लायचा आहे. आता हे खरेच आहे की कमोडोरचा मूळ सप्लाय बदनाम आहे. तो आतून राळेसारख्या पदार्थाने भरून बंद केलेला असतो, त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की दाब कमी होण्याऐवजी वाढतो आणि रॅमसकट अनेक चिप्स जाळतो. माझा सप्लाय नवीन बांधलेला होता आणि मीटरवर ५ व्होल्टला अगदी धरून होता. ते दाखवल्यावर त्याने पीएलए या चिपकडे, म्हणजे प्रोसेसरने दिलेल्या पत्त्यानुसार योग्य ती चिप निवडणाऱ्या चिपकडे, बोट दाखवले. तीही तापून मरण्यासाठी प्रसिद्धच आहे आणि ती गेली तर पडदा काळा होतो, हेही खरे. फक्त ती गेली असती तर सिड काढल्यावर यंत्र सुरू झाले नसते. त्यानंतर फिल्टरचे कपॅसिटर पुढे आले. ६५८१ च्या बोर्डावर ते ४७० पिकोफॅरडचे असतात आणि ८५८० च्या बोर्डावर २२ नॅनोफॅरडचे, हेसुद्धा बरोबर. परंतु त्यांच्या मूल्याने फिल्टरचा नाद बदलतो, यंत्र बंद पडत नाही. शेवटी, ‘तुमच्या बोर्डाने माझी चांगली चिप मारली’ असा उलट आरोपच त्याने माझ्यावर केला.

या प्रत्येक उत्तरासाठी त्याने चार-पाच दिवस लावले, मला काही मोजायला सांगितले, त्याचे फोटो मागवले. तो मदत करत आहे असेच कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात ज्या दिवसांत पैशांबद्दल तक्रार केली असता काही उपयोग झाला असता, ते दिवस तो शांतपणे संपवत होता. चाळीस वर्षांच्या यंत्राबद्दल त्याच्या मालकाच्या मनात कायम धाकधूक असते, बिघाड आपल्याच बोर्डात असणार असे त्याला सहज वाटते, आणि या फसवणुकीची सगळी मांडणी त्या धाकधुकीवर उभी आहे. मला सर्वांत जास्त चीड याची येते. आपल्या छंदातले ज्ञान लोकांनी एकमेकांना मोकळेपणाने शिकवून जमवलेले आहे, आणि त्याच ज्ञानाचा असा वापर व्हावा हे मला सहन होत नाही.

ठाण्याचा मित्र आपली चालू असलेली ६५८१ घेऊन पुण्याला आला, तेव्हा प्रश्न मिटला. त्याची चिप माझ्या बोर्डात पहिल्या क्षणापासून वाजली. थोड्या वेळात ती हाताला चांगली गरमही लागू लागली, जे या जातीचे स्वाभाविक लक्षण आहे. त्यानंतर विकत घेतलेल्या चारही चिप्स त्याच सॉकेटमध्ये पाहिल्या. दोन चिप्सनी पडदा काळा केला. उरलेल्या दोन निर्जीव आणि थंड राहिल्या. ८५८० म्हणून आलेल्या चिप्सनी मित्राच्या दुसऱ्या यंत्रातही तेच केले.

मग आम्ही त्यांचा पृष्ठभाग तपासला. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन एका चिपची पाठ चोळली, तेव्हा काळा रंग निघून बोळ्यावर आला आणि खाली एका दिशेने गेलेले घासल्याचे बारीक ओरखडे दिसले. म्हणजे कुठल्या तरी भलत्याच, २८ पायांच्या, स्वस्त चिप्स पॉलिश पेपरने घासून, वरून काळा थर देऊन त्यावर नवी अक्षरे उमटवली होती. पहिल्या पायाची खूण असलेला गोल खळगा रंगाने अर्धवट भरलेला होता, आणि पोटाकडच्या साच्याच्या खुणा एका चिपच्या दुसरीशी जुळत नव्हत्या. येथे एक सावधगिरीही सांगतो : मॉसची मूळ पांढरी छपाई शाईची असते आणि तीही द्रावणाने पुसली जाऊ शकते, म्हणून केवळ अक्षरे पुसली गेली याला पुरावा मानू नये. काळा थर निघतो का, ते पाहावे.

तारखेच्या आकड्यांनी तर कळसच केला. मॉसच्या चिपवरील चार आकड्यांत आधी आठवडा आणि नंतर वर्ष असते. आमच्या सहाही चिप्सवर २०८३ हाच आकडा होता, म्हणजे १९८३ सालचा विसावा आठवडा. ८५८० ही चिप १९८३ साली अस्तित्वातच नव्हती; ती ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आली. शिवाय विक्रेत्याने आधी पाठवलेली छायाचित्रे मोठी करून पाहिली, तेव्हा त्यांतील चिप्सवरचे आकडे वेगवेगळे होते. दाखवल्या त्या चिप्स आणि पाठवल्या त्या चिप्स एक नव्हत्याच.

तेव्हा सिड घेणाऱ्यांनी छापील अक्षरांवर भिस्त ठेवू नये आणि नुसती संगीताची चित्रफीतही पुरेशी समजू नये. त्या दिवशीची तारीख आणि आपले नाव लिहिलेली चिठ्ठी बोर्डाशेजारी ठेवून, रिकाम्या सॉकेटमध्ये तीच चिप बसवण्यापासून यंत्र बोलेपर्यंतचे चित्रण सलग मागावे; चिपवरील तारखेचा आकडा त्यात वाचता आला पाहिजे. त्यानंतर यंत्राच्या ‘बेसिक’ या भाषेतून एक छोटी चाचणी करून घ्यावी. स्मृतीतील ५४२८७ या पत्त्यावर २५५ आणि ५४२९० या पत्त्यावर १२८ पोक केले, म्हणजे लिहिले, की तिसरा स्वर गोंगाट निर्माण करू लागतो, आणि मग ५४२९९ हा पत्ता पीक करून पुन्हा पुन्हा वाचला असता दर वेळी वेगळाच आकडा यायला हवा. बनावट चिपला हे जमत नाही. अर्थात तिन्ही स्वर आणि फिल्टर ठीक आहेत का ते कानांनीच ऐकावे लागते, कारण स्वर चालू आणि फिल्टर मेलेला अशा चिप्सही ‘उत्तम स्थितीत’ म्हणून विकल्या जातात. खरा विक्रेता एवढ्या मागणीने रागावत नाही, हे मी नंतरच्या व्यवहारांत पाहिले आहे.

चिप हातात आल्यावरही ती लगेच बोर्डात घालू नये. १४ क्रमांकाचा पाय ग्राउंडचा (शून्य व्होल्टचा), २५ चा ५ व्होल्टचा आणि २८ चा १२ किंवा ९ व्होल्टचा असतो. यांच्यात शॉर्ट नाही ना, एवढे मल्टीमीटरने पाहायला दोन मिनिटे लागतात. अनोळखी चिपच्या त्या पायावर १२ व्होल्ट गेले, तर चिपसोबत बोर्डही जाऊ शकतो. हा प्रकार सिडपुरता नाही, जुने प्रोसेसर आणि रॅमच्या चिप्सही अशा घासून विकल्या जातात. ज्यांना केवळ यंत्र बोलते करायचे आहे त्यांनी आर्मसिडसारखा आधुनिक पर्याय घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. तो स्वतःला पर्याय म्हणूनच विकतो आणि आवाजही समाधानकारक देतो. माझ्या यंत्रात सध्या तोच आहे.

पैशांबाबत सांगायचे तर, यूपीआयने व्यक्तीच्या खात्यावर स्वतःहून पाठवलेली रक्कम बँक आपोआप परत करत नाही. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच, शक्यतो पहिल्या काही तासांतच, कळवले तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता असते. आम्ही कळवले तेव्हा ते खाते रिकामे झाले होते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली असून सोबत संभाषणाच्या प्रती, छायाचित्रे आणि तारखेच्या आकड्यांची तुलना जोडली आहे. विक्रेत्याचा क्रमांक बंद आहे. परंतु त्याची तीच छायाचित्रे वेगळ्या नावाखाली पुन्हा विक्रीला लागलेली मी पाहिली आहेत, आणि तेही तक्रारीत जोडले आहे.

पुरावा म्हणून लागतील म्हणून सहाही चिप्स जपून ठेवल्या आहेत. त्या कधीही कोणाच्या हातून पुन्हा बाजारात जाऊ नयेत यासाठी प्रत्येकीच्या पोटावर लाल रंगाने ‘बनावट’ असे लिहिले आहे. पुणे किंवा ठाणे परिसरात कोणी सिड विकत घेतली असेल आणि तिच्याबद्दल शंका असेल, तर आमच्या दोघांच्याही बोर्डांवर ती विनामूल्य तपासून देऊ. पैसे देण्याआधीच छायाचित्र दाखवलेत, तर तारखेच्या आकड्यावरून निदान पहिली चाळणी लावता येईल.