‘ब्लॅक सॅडल’ की ‘टेंपल ह्यूस्टन’?

वकील नायक असलेली वेस्टर्न (जुन्या अमेरिकन पश्चिमेतली) टीव्ही मालिका बघायचीय, पण दोन्हींना वेळ नाही, असं धाकट्या भावाचं म्हणणं. वेळेचा हिशेब सोपा: ‘सॅडल’ (१९५९-६०) अर्ध्या तासाचे ४४ भाग, ‘ह्यूस्टन’ (१९६३-६४) तासाचे २६.

मूल्यांचं म्हणाल तर ‘सॅडल’चा नायक क्ले कलहेन जास्त गुंतवतो. त्याचे भाऊ गोळीबारात गेले, म्हणून हा बंदूकबाज पुढे वकील झाला. कायद्याची पुस्तकं खोगिराच्या पिशवीत. तरी मार्शलचा संशय फिटत नाही. माणूस बदलतो यावर समाजाचा विश्वास किती, हाच खरा खटला. टेंपल ह्यूस्टन मुळातच बड्या घरचा, टेक्ससचे नेते सॅम ह्यूस्टन यांचा मुलगा. त्याला स्वतःला सिद्ध करायची तेवढी निकड नाही. पुढे ही मालिका विनोदाकडेही वळली.

कायदा विरुद्ध सूड हा पेच हवा असेल तर ‘सॅडल’. हलकंफुलकं हवं असेल तर ‘ह्यूस्टन’.