एल्को ८० फुटी पीटी बोट, १:२४ मापाचं लाकडी रेडिओ मॉडेल: नऊ महिन्यांनंतर

एल्कोची पीटी बोट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी नौदलाची वेगवान टॉर्पेडो बोट. जूनमध्ये तिचा संच हातात आला. चार महिने जोडणीत गेले आणि ऑक्टोबरपासून बोट पाण्यात आहे, तीही जुन्नरकडच्या मामांच्या शेततळ्यात. इतके दिवस वापरल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, कारण अशा मॉडेलबद्दल पहिल्या आठवड्यात बनलेलं मत टिकत नाही.

आधी आकाराचं सांगतो. मूळ बोट २४ मीटरहून लांब, त्यामुळे हे मॉडेल एक मीटरच्या थोडं वर जातं आणि रुंदी २६ सेंटिमीटर भरते. दुचाकीवर नेता येत नाही. घरात ठेवायची जागा आधी मोजा, मग घ्या.

सोबतच्या पुस्तिकेत ‘प्लायवुडची बोट’ असं छापलंय. हा गैरसमज फार जुना आहे. न्यू जर्सीतल्या बेयॉन इथल्या एल्कोच्या कारखान्यात या बोटींचं अंग महोगनीच्या फळ्यांच्या दोन थरांनी बनायचं. फळ्या एकेक इंच जाडीच्या, एक थर एका तिरक्या दिशेनं, दुसरा उलट दिशेनं आणि मधे गोंदात भिजवलेलं कापड. संचातल्या पातळ पट्ट्या पुरेशा होत्या, म्हणून मीही दोन थर दिले. त्यात सात आठवडे गेले, पण आज सांगाडा दोन्ही हातांनी पिळला तरी कुरकुरत नाही. संचातला पांढरा गोंद मात्र वापरू नका, ओल लागली की तो सुटतो. तळाचा एक सांधा उकलल्यावर मी सगळं इपॉक्सीवर नेलं.

माझी खरी तक्रार पंख्यांबद्दल आहे. शाफ्ट तीन दिलेत, पण मोटरी दोनच, मधला पंखा शोभेचा. मूळ बोटीत पॅकार्डची १२ सिलिंडरची तीन पेट्रोल इंजिनं असत. सुरुवातीला प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची, पुढे १,५०० पर्यंत गेली. विमानासाठीचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल, टाक्यांत ३,००० गॅलन, म्हणजे ११ हजार लिटरच्या वर. मी तिसरी मोटर वेगळी आणली आणि तिला स्वतंत्र नियंत्रण दिलं. या मॉडेलवर केलेला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च तोच.

का, ते डिसेंबरमधल्या एका रात्री कळलं. तोवर मी बोट पळवतच होतो. मूळ वेग ४१ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७६ किलोमीटर धरला तर या मापात ताशी साधारण साडेपंधरा किलोमीटर बरोबर दिसतो, कारण मापाच्या वर्गमुळानं भागायचं असतं, मापानं नाही. त्याहून जोरात नेली की ती खेळणं वाटते. त्या वेगाला नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलून बोट पाण्यावर चढते, ते बघणं खरंच सुंदर आहे. पण मामा म्हणाले, “अरे, रात्रीचं तरी हळू चालव, गोठ्यात म्हशी बुजतात.” म्हणून बाजूच्या दोन्ही मोटरी बंद केल्या आणि फक्त मधली ठेवली. चांदणं होतं. तिन्ही मोटरींवर मागे जो पांढरा फेसाचा पट्टा बांधावरून स्पष्ट दिसत होता, तो जवळजवळ नाहीसा झाला.

महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांत खऱ्या बोटींना रात्री हेच करावं लागे. जपानी तरंगती विमानं वरून चमकत्या फेसाचा माग काढत येत. १९४३ च्या १ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर तिथल्याच ब्लॅकेट सामुद्रधुनीत, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींची पीटी-१०९ अशीच मधल्या एकाच इंजिनावर सावकाश चालली होती, आणि अंधारातून आलेल्या ‘अमागिरी’ विनाशिकेनं तिला चिरडलं. दोघं गेले, अकरा जण वाचले. मी त्याच संथ चालीतून एकदम तिन्ही मोटरी सोडून पाहिल्या. विजेची मोटर लगेच फिरते, तरीही बोट पाण्यातून उठून पळायला क्षण-दोन क्षण घेतेच. ४० नॉट हा आकडा मी वर्षानुवर्षं वाचत आलो होतो. तो पळून जाण्याच्या वेळचा आहे आणि तिथवर पोचायलाही वेळ लागतो, हे त्या रात्री डोळ्यांनी पाहिलं.

टॉर्पेडोंचं बघा. संचात नळ्याही आहेत आणि नंतरचे हलके रॅकही, पण कुठल्या काळासाठी काय हे सांगितलेलं नाही. सुरुवातीच्या बोटींवर मार्क ८ टॉर्पेडो नळ्यांतून काळ्या दारूच्या स्फोटानं सुटत. नळीतलं ग्रीस पेटलं की होणारा झगझगाट शत्रूला बोटीची जागा दाखवून देई. १९४३ पासून विमानांचे मार्क १३ आले, ते रॅकवरून नुसते पाण्यात लोटायचे. वजनही घटलं. मॉडेलवर पितळी नळ्या काढून रॅक लावले तर बोट लक्षात येण्याइतकी लवकर उठते. पीटी-१०९ करणार असाल तर मात्र नळ्याच हव्यात, आणि पुढच्या डेकवर बांधलेली ३७ मिलिमीटरची तोफ. जपानी बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्या, इतके उथळ चालत की टॉर्पेडो खालून निघून जाई. तोफांची गरज त्यातूनच आली.

गावच्या पाझर तलावात एकदाच नेली. शेवाळ पंख्यांत गुंतलं आणि एक शाफ्ट वाकला. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद स्वच्छ असतो, पण उतार निसरडा आहे. मुलांना एकटं सोडू नका, काठावर दोर बांधलेला असू द्या.

देखभाल चुकवू नका. प्रत्येक फेरीनंतर मी हॅच उघडून बोट रात्रभर वाळवतो, शाफ्टच्या नळ्यांत ग्रीस भरतो. उष्ण पाण्यात लाकडाचं काय होतं ते अमेरिकी नौदलाला चांगलंच ठाऊक होतं. १९४५ च्या अखेरीस फिलिपीन्समधल्या सामारला बोटींचे ताफेच्या ताफे त्यांनी किनाऱ्यावर ओढून जाळले. आज फार थोड्या उरल्यात, म्हणून अमेरिकेत फॉल रिव्हरच्या संग्रहालयातल्या पीटी-६१७ चे फोटो मी डेकच्या प्रत्येक खिळ्यासाठी परत परत बघतो.

धीर असेल आणि तिसऱ्या मोटरचा खर्च झेपत असेल तर जरूर घ्या. फक्त पळवायलाच हवी असेल तर दुसरं काही बघा. शेततळ्यात एप्रिलपर्यंत पाणी असतं, तोवर रात्रीच्या फेऱ्या चालू आहेत.