ट्री फ्रॉग बघायला कुठे जायचं, आंबोली, कूर्ग की मुन्नार?

पावसाळ्यात ट्री फ्रॉग बघायला जायचंय, सुट्टी तीन-चार दिवसांचीच आहे आणि डोक्यात ही तिन्ही नावं घोळतायत, तर हॉटेल, रस्ते वगैरे नंतर बघा. आधी एवढंच बघा की तुम्हाला हवा तो बेडूक अंडी कुठे घालतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करणारा असेल तर त्याच्यामागे जंगलभर हिंडावं लागत नाही, डबकं शोधायचं आणि थांबायचं, तो तिथेच येतो. बुश फ्रॉगचं, म्हणजे झुडपांतल्या चिमुकल्या ट्री फ्रॉगचं, तसं नाही. त्यांना डबकं लागतच नाही, अंडी पानावर नाहीतर पालापाचोळ्यात, आणि टॅडपोल हा प्रकारच नाही, अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर येतो. त्यामुळे ते सगळ्या जंगलात विखुरलेले असतात, टकटक आवाज चारी बाजूंनी आणि टॉर्च फिरवून फिरवून मान दुखली तरी दिसत एकही नाही!

आंबोली पहिल्या प्रकारची जागा आहे. सिंधुदुर्गात, सावंतवाडी तालुक्यात, उंची ७०० मीटरच्या आसपास आणि पाऊस वर्षाला ७००० मिलिमीटरच्या घरात, म्हणजे जून उजाडला की रस्त्याकडेचा प्रत्येक खड्डा भरलेला. इथला हिरो म्हणजे मलबार ग्लायडिंग फ्रॉग. बसलेला असला की नुसता हिरवा गोळा, पाय पोटाशी घेतलेले, पानात असला तर समोर असून दिसत नाही. पण अंडी घालताना जोडी सापडली ना, तर जागेवरून हलू नका. मादी चांगली मोठी, तिच्या पाठीवर बारका नर चिकटलेला, आणि ती अंगातून सोडलेला चिकट द्रव मागच्या पायांनी घुसळत राहते, हळूहळू पांढरा फेस फुगत जातो आणि आजूबाजूची पानं त्यात चिकटून बसतात. बोटांमधला नारिंगी-लाल पडदा तेव्हा नीट दिसतो. फेस बाहेरून सुकून कडक होतो, आत ओल टिकते, आणि साधारण आठवडाभराने पिल्लं टपाटपा खालच्या पाण्यात पडतात. म्हणूनच पाण्यावर झुकलेल्या फांद्या आधी बघायच्या. तो दहाएक मीटर तरंगत जाऊ शकतो हे खरं, पण तेवढ्यासाठीच जाणार असाल तर निराश व्हाल, रात्री तो बहुतेक वेळ बसूनच असतो.

आंबोलीत बुश फ्रॉगही आहेत, एकाला तर गावाचंच नाव आहे, आंबोली बुश फ्रॉग. शिवाय सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, आंबोली टोड मिळतो, २००९ साली वर्णन झालेला. तो झाडावरचा नाही, पण गेलाच आहात तर सोडू नका. वैताग एकच, शनिवार-रविवारी धबधब्यापाशी जी जत्रा भरते ती, गाड्यांची रांग आणि स्पीकर, त्यात बेडकाचा आवाज कुठला ऐकू येणार. मधले वार धरा. आणि फांदी हाताने बाजूला करायच्या आधी तिच्यावर टॉर्च मारा, बेडूक खायला चापडा हा विषारी सापही त्याच झुडपात बसलेला असतो.

कूर्गला मलबारवाला दिसतोच, पण तेवढ्यासाठी इतकं लांब जाण्यात अर्थ नाही. तिथे जायचं ते राकोफोरस लॅटरालिससाठी. इंचभराचा बेडूक, अंगाच्या कडेने फिकट रेघ, रंग हिरव्याचा तपकिरी करतो. १८८३ मध्ये वर्णन झालं आणि मग शंभरेक वर्षं जवळजवळ गायबच होता, आता कूर्ग आणि वायनाडच्या कॉफीच्या मळ्यांमध्ये सापडतो. याची मादी अंडी घातली की मागच्या पायांनी पान दुमडून त्याची पुडी करते, पाण्याच्या वर लटकणारी. हे बघायला मिळालं तर माझ्या मते तिन्ही ठिकाणांत हेच भारी. अडचण अशी की मळे खाजगी, रात्री असंच कुणाच्या बागेत शिरता येत नाही, तेव्हा ज्या होमस्टेची स्वतःची बाग आणि तळं आहे तोच घ्या आणि बुकिंग करतानाच रात्री फिरू देणार का ते विचारा.

मुन्नार म्हणजे १५०० मीटर आणि त्याच्या वर, थंडी, धुकं, चहाचे मळे आणि मधे मधे उरलेली शोला जंगलं, म्हणजे डोंगरांच्या घळींतली बुटकी दाट झाडी. पालघाटची खिंड ओलांडली की बेडकांची यादीच बदलते, आणि डोंगरमाथे एकमेकांपासून तुटलेले असल्याने काही जाती एखाद्याच शिखराला धरून आहेत. एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात अनमुडी शिखराच्या बाजूला राओर्केस्टिस रेस्प्लेंडेन्स हा बुश फ्रॉग आहे, लालभडक नारिंगी, आखूड पायांचा, गवताच्या बुंध्यात राहणारा, २०१० मध्ये जगासमोर आला. फोटो बघून तिकीट काढू नका, राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांना दिवसाच आणि ठरलेल्या रस्त्यानेच सोडतात. मिळण्यासारखा म्हणजे फॉल्स मलबार, आपल्या मलबारवाल्याचा भाऊच, पण लहान वयात पाठीवर पानाच्या शिरांसारख्या बारीक काळ्या रेघा. बाकी सगळा बुश फ्रॉगचा मामला, माहीतगार माणूस बरोबर नसेल तर ऐकून परत यायचं.

तर पहिल्यांदाच जाताय किंवा मुलं बरोबर आहेत तर आंबोली, जुलैच्या आत. मलबारवाला बघून झालाय आणि मॅक्रो लेन्स आहे तर कूर्ग. मुन्नार त्यांच्यासाठी जे नुसत्या आवाजावरून जात ओळखायला लागलेत, किंवा ज्यांच्या घरच्यांना दिवसा चहाचे मळे बघायचेत आणि रात्री तुम्हाला मोकळं सोडणार आहेत, तेही जमतं.

कुठेही गेलात तरी डासांचं क्रीम लावलेल्या हाताने बेडूक उचलायचा नाही, खरं तर उचलायचाच नाही, त्याची कातडी सगळं शोषून घेते. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना बूट धुवून वाळवून घ्या, बेडकांचे बुरशीचे आजार चिखलातूनही जातात. जळवांसाठी लांब मोजे. आणि जोडी घरटं करत असेल तर टॉर्च थेट तोंडावर न मारता बाजूच्या पानावर धरा, तेवढा उजेड बघायला पुरतो.