पैठण: आधी गाव, मग नाथसागर

बहुतेक गाड्या थेट नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, भिंतीकडे जातात, तिथून एखाद्या पैठणीच्या दुकानात आणि संध्याकाळी परत छत्रपती संभाजीनगरला. एवढंच करायचं असेल तर पैठणला पाचपैकी तीन गुण. सकाळ जुन्या गावात घालवली तर साडेचार. अर्धा गुण कापला तो पाट्यांसाठी. आतल्या गल्ल्यांत विचारत विचारतच पुढे सरकावं लागतं.

संभाजीनगरहून अंतर पन्नासेक किलोमीटर. एसटीने बिडकीन-ढोरकीनमार्गे दीड तास धरावा. रेल्वे नाही. गाडी बाहेरच लावा. जुनं गाव पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर वसलंय, गल्ल्या चढाच्या आणि अरुंद. समोरून रिक्षा आली की मागे सरकायची पाळी येते.

नवख्यांची हमखास गल्लत नाथमंदिरावरून होते. मंदिरं दोन आहेत. गावातलं म्हणजे एकनाथांचा राहता वाडा. श्रीखंड्याने कावडीने पाणी भरल्याची कथा ज्याची, तो रांजण इथेच आहे. समाधी मंदिर गावाबाहेर गोदाकाठी. रिक्षावाल्याला नुसतं 'नाथमंदिर' सांगितलं तर तो बहुधा समाधीपाशीच सोडतो, आणि वाडा राहून जातो. 'गावातलं' की 'बाहेरचं' हे स्पष्ट सांगा. आधी वाडा, मग चालत नागघाट आणि शेवटी समाधी, हा क्रम पायांना सोपा, कारण उतार नदीकडे आहे. नागघाट म्हणजे ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवल्याची जागा. कोरीव तीर्थस्तंभ बघायचा तर वाट तिथल्याच कुणाला तरी विचारून घ्या.

वाङ्मयाच्या ओढीने येणाऱ्याने थोडं वाचून यावं, नाहीतर दिसतील त्या फक्त भिंती. माहाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती परंपरेने ज्या हाल राजाच्या नावावर आहे, तो इथल्या सातवाहनांचा. तिच्यात गोदेचा काठ पुन्हा पुन्हा येतो. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. त्यांच्या भारुडांतले जोशी, वासुदेव, गारुडी, भुत्या ही सगळी बाजारात भेटणारी माणसं. आणि बाजार इथला फार जुना. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी वर्णनात हे गाव गुजरातमधल्या भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर सांगितलंय. इथून अकीकासारखे दगड गाड्यांनी भडोचला जात. त्या काळातले मणी, नाणी, मातीच्या मूर्ती बाळासाहेब पाटील संग्रहालयात आहेत. संग्रहालय सरकारी आहे, तेव्हा सुट्टीचा दिवस बघून निघा.

पैठणी घ्यायची असेल तर आधी माग बघा, मग दुकान. सरकारी पैठणी केंद्रात विणकाम दिसतं, पण कामाच्याच वेळेत. मागावर नीट पाहिलं की खरेदीची निम्मी अक्कल तिथेच येते. पदरावरच्या मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या कांडीवर असतो आणि शेजारच्या रंगाचा धागा हातानेच त्यात अडकवतात. म्हणून हातमागाचा पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. यंत्रमागावर धागे मागून आडवे धावतात आणि नंतर कापले जातात, त्यामुळे उलट्या बाजूला कापलेली टोकं किंवा लोंबते धागे राहतात. काठ नाही, पदर उलटून बघा. रेशमाबद्दल शंका असेल तर पदराच्या गोंड्यातला एक धागा मागून घ्या आणि जाळा: केस जळाल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे रेशीम, कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. जरतार मात्र 'चांदीची' म्हणून सांगितली तरी बिलावर तसं लिहून घ्या, कारण बाजारात तांब्यावर चांदीचा पातळ मुलामा दिलेली टेस्टेड जरच जास्त. हातमागाची शुद्ध रेशमी साडी दोन-तीन हजारांत कुणी देत असेल तर हसून पुढे व्हावं.

नाथसागर दुपारनंतर. भिंत साधारण दहा किलोमीटर, दरवाजे २७, पण सुरक्षेमुळे भिंतीवर सर्रास सोडत नाहीत. गाव धरणाच्या खालच्या अंगाला आहे, त्यामुळे घाटावर पाणी किती हे पावसापेक्षा दरवाज्यांवर ठरतं. उन्हाळ्यात घाट कोरडा आणि कळकट असतो. विसर्ग सुरू झाला की पायऱ्याच बुडतात. पावसाळ्याच्या शेवटी जाणार असाल तर विसर्गाची बातमी वाचूनच निघा. पाणपक्ष्यांसाठी हिवाळा, पण जलाशय काठोकाठ भरला असेल तर पक्षी लांब विखुरतात. पाणी ओसरून काठचा गाळ उघडा पडला की रोहित (फ्लेमिंगो) जवळ येतात. दुर्बीण न्याच.

फाल्गुन वद्य षष्ठीची नाथषष्ठी अनुभवायची तर मुक्कामाची सोय आधी करा, निवांत गाव बघायचं तर तो आठवडा टाळा. जेवणाला धरणाच्या रस्त्यावरचे साधे ढाबे बरे. रोहू-कटला नाथसागरातला आहे का ते विचारा; सुरमई इथे मागवू नये.