व्हर्ट-मॅनेजर: पेजमेकरसाठी मिंटच्या पोटात एक्सपी

मी कऱ्हाडात घरूनच डीटीपी करतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, असलंच. वीस वर्षांच्या फाइली पेजमेकर 7 या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या, त्याही युनिकोडच्या आधीच्या फाँटात. दुसरीकडे उघडल्या की नुसती भुताची भाषा. एवढ्यासाठी विंडोज एक्सपीचा जुना खटारा सांभाळला होता, जूनमध्ये त्याचा मदरबोर्ड गेला. रोजचा कॉम्प्युटर लिनक्स मिंटवर आहे, रॅम 16 जीबी. म्हटलं, त्यातच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर करून एक्सपी बसवू. त्यासाठी व्हर्ट-मॅनेजर वापरलं.

व्हर्ट-मॅनेजर ही फक्त दर्शनी खिडकी, आभासी कॉम्प्युटर चालवायचं खरं काम मागे क्यूईएमयू आणि केव्हीएम करतात. केव्हीएम 2007 पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, म्हणून दर अपडेटला बाहेरचं मॉड्यूल जुळेल का ही धाकधूक नाही. माझा प्रोसेसर रायझन. बायोसमध्ये एसव्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठी लागणारी प्रोसेसरची सोय, बंद होतं, ते आधी चालू केलं. एक्सपीला 1 जीबी रॅम आणि 20 जीबी डिस्क दिली. डिस्कची फाइल लागेल तशी फुगते, सगळं बसवून 4 जीबीसुद्धा झाली नाही. डिस्क जुन्या आयडीई पद्धतीचीच ठेवा. व्हर्टआयओ ही व्हर्च्युअल मशीनसाठीची पद्धत वेगवान खरी, पण एक्सपीकडे तिचा ड्रायव्हर नसतो.

घोडं अडलं ते फाँटच्या डोंगलपाशी (यूएसबीत लावायची किल्ली, तिच्याशिवाय फाँट चालत नाहीत). ‘ॲड हार्डवेअर’मधून यूएसबी होस्ट डिव्हाइस म्हणून डोंगल दिलं, तर एक्सपी ढिम्म. दोन संध्याकाळी गेल्या. चूक माझीच! हौसेनं कंट्रोलर यूएसबी 3 केला होता आणि एक्सपीला तो कळतच नाही. यूएसबी 2 केला आणि डोंगलचा दिवा लागला. गेल्या साली छापलेला अहवाल उघडून पाहिला, जोडाक्षरं जागच्या जागी.

छपाईसाठी पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट फाइल काढतो, पेनड्राइव्हही डोंगलसारखाच आत देतो, मग मिंटवर घोस्टस्क्रिप्टनं पीडीएफ. जरा द्राविडी प्राणायाम आहे. नेटवर्क कार्ड काढूनच टाकलंय, कारण एक्सपीचा सपोर्ट 2014 लाच संपला.

पहिल्यांदाच करणाऱ्याला सेटिंगची पानंच्या पानं बघून घाम फुटेल, हे खरं. त्यासाठी एक स्टार कापतो. पण स्नॅपशॉटसाठी, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवायच्या सोयीसाठी, तो परत द्यावासा वाटतो. परवा फाँटचं फोल्डर माझ्याच हातून उडालं. स्नॅपशॉटवर परत गेलो, चहा निवायच्या आत पत्रिका पुन्हा समोर.