कमी बजेटमधला हिरा: साखरपुड्यापासून रोज वापरल्यानंतरचा अनुभव

आमचा हिरा 47 सेंटचा (हिऱ्याच्या वजनात 100 सेंट म्हणजे एक कॅरेट): राउंड ब्रिलियंट म्हणजे गोल आकाराचा, कट (पैलूंची घडण) एक्सलंट, कलर आय (डी सगळ्यात पांढरा, पुढच्या अक्षरांना पिवळसरपणा वाढत जातो), क्लॅरिटी म्हणजे आतला स्वच्छपणा एसआय 1 (भिंगातून बारीक डाग दिसतात), सोबत हिरे तपासणाऱ्या जीआयए या संस्थेचं सर्टिफिकेट. 18 कॅरेट पिवळ्या सोन्यात सहा नखांची, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या सहा आकड्यांची अंगठी. दिवाळीनंतर साखरपुडा झाला, तेव्हापासून रोज बोटात आहे. ऑफिस, लोकल, स्वयंपाक, सगळ्यात.

इतक्या महिन्यांनी ठामपणे सांगते, बजेट कमी असेल तर तडजोड कलर आणि क्लॅरिटीत करा, कटमध्ये अजिबात नको. एका दुकानात याच पैशात मोठा हिरा दाखवला होता, क्लॅरिटी व्हीएस 1 म्हणजे आमच्यापेक्षा स्वच्छ, पण कट नुसता ‘गुड’. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली तोही चमकला, कारण तिथे सगळंच चमकतं. दाराशी उजेडात नेला तर मधोमध मंद, करडा दिसला. हिरा फार खोल किंवा फार उथळ कापला की आत गेलेला प्रकाश वर परतायच्या ऐवजी खालून निघून जातो. शिवाय खोल हिऱ्याचं वजन पोटात दडलेलं असतं. पैसे वजनाचे मोजायचे आणि वरून दिसायचा लहानच. आमचा ऑफिसच्या साध्या ट्यूबलाइटमध्येही हात हलला की लखलखतो.

47 सेंटही मुद्दाम घेतला. 50 सेंट झाले की प्रति कॅरेट भावच वरचा लागतो आणि व्यासात फरक पडतो जेमतेम एक दशांश मिलीमीटर!

आय कलरची धास्ती होती. पांढऱ्या कागदावर आडवा धरला तर किंचित पिवळसर झाक दिसते, पण पिवळ्या सोन्यात ती आजवर कुणालाही दिसलेली नाही. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये मात्र मी जी किंवा एच घेतला असता. एसआय 1 घेताना ग्रेडवर थांबू नका, दहापट भिंगातून डाग कुठे आहे ते बघा. आमच्या हिऱ्यात कडेला बारीक पिसासारखी रेघ आहे, ती नखाखाली गेली. याच ग्रेडच्या दुसऱ्या हिऱ्यात ऐन मध्यावर काळा ठिपका होता, तो लगेच परत केला. हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला नंबर सर्टिफिकेटशी जुळवायचा, तोही भिंगातूनच.

लॅबमधला, म्हणजे खाणीतून न काढता प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही पाहिला. तो खराच हिरा असतो, याच पैशात कितीतरी मोठा आला असता, आणि फक्त दिसण्यासाठी हवा असेल तर जरूर घ्या. पण त्याचे भाव गेल्या काही वर्षांत फार घसरलेत. आम्हाला पुढे बदलून घ्यायची सोय हवी होती.

रोजच्या वापरात खरा त्रास तेलकटपणाचा. हिऱ्याला स्निग्ध पदार्थ पटकन चिकटतात. हँडक्रीम, कणीक, फोडणीचं तेल यांचा थर खालच्या बाजूला बसला की चमक जाते आणि हिराच खराब निघाला की काय असं वाटतं. वाटीत कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि लहान मुलांचा मऊ ब्रश, एवढ्यात पहिल्यासारखा होतो. बेसिनवर धरून मात्र धुऊ नका. मध्यंतरी एक नख ओढणीत अडकायला लागलं होतं, ते सोनाराकडून लगेच दाबून घेतलं. कणीक मळताना आता अंगठी काढूनच ठेवते.

सासूबाईंचा पहिला प्रश्न, “मोडीला किती येतील?” सोन्याची मोड भावाने मिळते, हिऱ्याचं तसं नसतं. त्यामुळे परतीचा आणि बदलीचा नियम बिलावर लिहूनच घ्या. हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक) तपासा आणि हिऱ्याचं वजन सोन्याच्या भावात धरलेलं नाही ना, तेही बघा. 47 सेंट म्हणजे 0.094 ग्रॅम.