सौर झटका मशीन: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

शेताच्या कुंपणाच्या तारेत थांबून थांबून सौम्य झटका सोडणारं हे यंत्र घेऊन चौदा महिने झाले. दोन पिकं याच्या राखणीत निघाली, एक अख्खा पावसाळा गेला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. रानडुकरं अडतात का, बॅटरी टिकते का, हे सगळं खाली लिहिलंय. पण हे यंत्र मी का घेतलं ते आधी सांगते. ज्यांच्या शेतात आज रात्री तारेत थेट करंट सोडला जाणार आहे, त्यांनी एवढा भाग तरी वाचावा.

आमच्याकडेही तेच होतं. पंपाच्या पेटीतून एक फेज काढायची, उघडी तार खुंट्यांवरून शेताभोवती फिरवायची आणि झोपण्याआधी खटका दाबायचा. सासऱ्यांनी ही सोय केली तेव्हा सलग तिसऱ्या वर्षी मक्याचा चिखल झाला होता. एका रात्रीत डुकरांचा कळप येतो, खातो त्याच्या दुप्पट तुडवतो. त्यात त्याच वर्षी कुणीतरी पंपाची केबल कापून नेली. तार लागली तेव्हा मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा हायसं वाटलं होतं.

एका रात्री अकराच्या सुमारास वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. सकाळी खटका बंद करायला गेले, तर वाटेच्या बाजूला तारेखाली एक लहान चप्पल पडलेली आणि तारेला सदऱ्याची चिंधी अडकलेली. शेजाऱ्यांचं वासरू सुटलं होतं. त्यांचा अकरा वर्षांचा पोरगा बॅटरी घेऊन ते शोधायला आमच्या शेतात शिरला होता. तारांमधून वाकून निघताना सदरा अडकला, त्याने ओढून फाडला, आणि वासरू घेऊन घरी गेला. दहा वाजता त्याची आई आली. "वहिनी, पोराची एक चप्पल तुमच्या कुंपणात राहिली म्हणतो." मी चप्पल तिच्या हातात दिली. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या तारेत रोज रात्री काय असतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सूनबाई, पण मग राखायचं कसं? वर्षभर राबायचं आणि एका रात्रीत दुसऱ्याने न्यायचं?" हा प्रश्न खोटा नाही. ज्याच्या घरात वर्षाला एकच पीक येतं, त्याला 'माल काय, पुन्हा येईल' असं सांगणं सोपं आहे आणि चुकीचंही आहे. त्या मालात माणसाचं एक वर्ष गेलेलं असतं. मुलांची फी, औषधपाणी, कर्जाचा हप्ता, सगळं त्यातून निघायचं असतं. ते लुटलं जात असताना हात बांधून बसा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

तरीही गेलेलं वर्ष आम्ही तीनदा भरून काढलं. कर्ज काढलं, एकदा दागिना मोडला, पण काढलं. त्या रात्री वीज असती तर काय भरून काढणार होते मी? दुसरी गोष्ट मला जास्त छळते. सासरे स्वतः काठी घेऊन बांधावर उभे असते, तर त्या पोराला पाहून म्हणाले असते, "अरे, एवढ्या रात्री कुठे निघालास?" मारणं दूरच, त्यांनीच वासरू शोधायला मदत केली असती. आलेला चोरच असता, तरी त्यांनी आधी हाक दिली असती, तो पळाला असता. तार हाक देत नाही. समोर कोण आहे, कशाला आलाय, पळतोय का, हे तिला दिसत नाही. जो निर्णय आपण समोर उभे राहून कधीच घेतला नसता, तो झोपताना एका खटक्यावर सोपवून आम्ही पांघरूण ओढत होतो.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. इंग्लंडमध्ये पूर्वी बागांत दोरीला बांधलेल्या बंदुका लावून ठेवत. दोरीला पाय लागला की गोळी सुटायची. तिथे ट्यूलिपच्या फुलांच्या एका बागेत अशी बंदूक होती. शेजारची पळालेली लांडोर पकडून द्यायला एक तरुण भिंतीवरून आत उतरला आणि गुडघ्यात जखमी झाला. १८२८ साली न्यायालयाने बागमालकाला त्या इजेबद्दल जबाबदार धरलं. त्याच्या आदल्या वर्षी, १८२७ मध्ये, अशा बंदुका लावण्यावर तिथे कायद्यानेच बंदी आली होती. लांडोर पकडायला आलेला तो मुलगा आणि वासरू शोधायला आलेलं आमच्या शेजारचं पोर, यांच्यात मला काही फरक दिसत नाही.

पण तो तरुण निर्दोष होता. खरा चोर असता तर? अमेरिकेच्या आयोवा राज्यात तसंच झालं. एक रिकामं पडलेलं शेतघर वारंवार फोडलं जात होतं. मालकाने कंटाळून खोलीत बंदूक अशी बांधली की दार उघडताच गोळी सुटावी. जुन्या बाटल्या आणि बरण्या चोरायला आलेल्या माणसाचा पाय त्यात कायमचा जायबंदी झाला. तो चोर होता, त्याने गुन्हा कबूलही केला होता. तरी मालकाने त्याला एकूण ३०,००० डॉलर द्यावेत हा निकाल १९७१ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. ज्या जागेत मालक स्वतः हजर नाही, कुणाच्या जिवाला धोका नाही, तिथे वस्तू वाचवायला जीवघेणा सापळा लावता येत नाही, असा त्याचा अर्थ. टेक्सास राज्याचा कायदा तर मालमत्तेसाठी बळ वापरायला खूप मोकळीक देतो. रात्रीची चोरी रोखायला काही परिस्थितीत प्राणघातक बळही तिथे चालतं. पण तोच कायदा मालमत्ता राखायला लावलेल्या साधनाबद्दल वेगळं म्हणतो: ते जीव घेणारं किंवा गंभीर इजा करणारं असता कामा नये. माणसाच्या हाताला जी सूट, ती यंत्राला नाही.

आपल्या भारतीय न्याय संहितेत कलम ४१ आहे, जुन्या दंड संहितेतलं १०३. मालमत्तेच्या बचावात समोरच्याचा मृत्यू झाला तरी कधी चालतं, याची मोजकी कारणं त्यात दिली आहेत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या इमारतीला आग लावणं, किंवा अशी चोरी, नासधूस वा घरातली घुसखोरी जिच्यात मरणाची वा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी. मोकळ्या शेतातून कणसं नेणारा यात बसत नाही. त्याच्यासाठी पुढचं कलम ४२ आहे, ज्यात मृत्यू सोडून इतर इजेपर्यंतच हक्क पोचतो. आणि कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. मला ही विभागणी पटते. रात्री कुणी माझ्या घराचं दार फोडून आत आलं, तर तो भांडी न्यायला आलाय की आमच्या जिवावर उठलाय हे मला कळणार नाही. तिथे मी हाताला लागेल ते उचलेन आणि त्याबद्दल मला अपराधी वाटणार नाही. पण झोपलेल्या घरापासून लांब असलेल्या शेतात, कणसासाठी? नाही.

आता यंत्र. बारा व्होल्टची बॅटरी, वर सौर पॅनेल, आणि साधारण साडेतीनशे मीटर घेराला चार तारा. हे यंत्र तारेत सतत वीज ठेवत नाही, सेकंदाला एक ठोका सोडतं. टेस्टर लावला तर सात-आठ हजार व्होल्ट दाखवतो. आकडा ऐकून माणूस घाबरतो आणि घरातली २३० व्होल्टची वीज बरी म्हणतो. खरं त्याच्या उलट आहे. थेट लाइनची वीज सतत वाहते. दहा-पंधरा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि तार सुटत नाही. त्याहून थोडी जास्त वीज सेकंदभर छातीतून गेली, तरी हृदयाची लय बिघडू शकते. झटका मशीनचा ठोका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत संपतो. मग पुढच्या ठोक्यापर्यंत स्नायू मोकळे असतात, त्या वेळात हात मागे येतो. आंतरराष्ट्रीय मानक (आयईसी ६०३३५-२-७६) प्रमाणे ठोक्यांत किमान एक सेकंदाचं अंतर हवं आणि ५०० ओहमच्या भाराला (म्हणजे विजेच्या वाटेतल्या तेवढ्या अडथळ्याला) एका ठोक्याची ऊर्जा ५ ज्यूलपेक्षा जास्त नको. विकत घेताना खोक्यावर ज्यूलचा आकडा आणि मानकाचा क्रमांक शोधा. मी आधी पाहिलेल्या एका यंत्रावर यातलं काहीच नव्हतं, फक्त 'जबरदस्त पॉवर' एवढंच लिहिलेलं. ते मी परत केलं.

झटका मी स्वतः घेऊन पाहिला. दुसऱ्याच्या अंगाला जे लागणार, ते आधी आपल्या अंगाला लागू द्यावं असं वाटलं. कोपरापर्यंत कुणीतरी काठी मारल्यासारखं होतं, हात आपोआप मागे येतो. दोन मिनिटांनी काही नाही. (ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा पेसमेकर आहे, त्यांनी हे मुळीच करू नये.)

डुकरांचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात दोनदा आली, नाक लावलं, ओरडत पळाली. त्यानंतर त्या बाजूने आली नाहीत. सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवलीत तरच हे होतं. आमची आधी जास्त वर होती, तेव्हा कळप खालून निघून गेला. मधल्या पावसाळ्यात गवत तारेला टेकलं, तारेतला विजेचा दाब तीन हजार व्होल्टवर आला आणि एका रात्री दोन सऱ्या गेल्या. दोष यंत्राचा नाही, माझ्या आळसाचा. तारेखालचं गवत आठवड्याला काढावंच लागतं. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग काम करत नाही. आम्ही तीन सळया खोल ठोकल्या आणि तिथे पाणी घालतो, तेव्हा दाब परत आला. ही अर्थिंग घराच्या किंवा पंपाच्या अर्थिंगपासून निदान दहा मीटर लांब हवी. बसवायला आलेल्याने ती पंपाशेजारीच ठोकली होती, मी काढायला लावली.

त्याच माणसाने जुन्या काटेरी तारेतच झटका सोडूया असं सुचवलं, म्हणजे नव्या तारेचा खर्च वाचेल. ते करू नका. काटेरी तारेत जनावर किंवा माणूस अडकला, की मागे येताच येत नाही, ठोक्यावर ठोके बसत राहतात. मानकातही त्याला मनाई आहे. मग जाताना आवाज खाली करून तो म्हणाला, "ताई, चोराचं फारच झालं तर सांगा, रात्रीपुरती डायरेक्ट लाइन जोडून देतो, कुणाला कळणार नाही." मी त्याला चप्पलेची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही, पण पाना-पक्कड उचलायला त्याला बराच वेळ लागला.

पिवळ्या पाट्या यंत्रासोबत चारच आल्या. आमच्या घेराला त्या पुरत नाहीत. वाटेच्या बाजूला तर दर दहा पावलांवर हवी. मी आणखी रंगवून घेतल्या, अक्षरांसोबत विजेची खूणही काढली, कारण रात्री वाट चुकलेलं पोर वाचत बसत नाही. पाटी लावली म्हणून थेट करंट सोडायला मोकळे झालो, असंही कुणी समजू नये. आंधळ्या माणसाला पाटी दिसत नाही, वासराला कळत नाही. पाटी फक्त सौम्य झटक्याबद्दल सावध करण्यापुरती आहे.

तक्रारी दोन. तार तुटली की वाजणारा भोंगा फार हळू आहे, घरापर्यंत ऐकू येत नाही. मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण भोंगा वाजला तर माणूस उठून बांधावर जातो, बघतो, बोलतो. आणि सलग पाच दिवस ढग राहिले तेव्हा बॅटरी चौथ्या रात्रीच उतरली. मोठी बॅटरी घ्या.

पाचपैकी चार तारे देते. पाचवा भोंग्यासाठी नाही, खोक्यासाठी राखून ठेवलाय. खोक्यावर कवटीचं चित्र आहे आणि खाली 'चोरांचा कायमचा बंदोबस्त' असं छापलंय. जे यंत्र कुणाचा जीव घेऊ नये म्हणूनच बनवलंय, त्याच्यावर हे छापण्याची गरज काय? हे वाचून घेणारा माणूस झटका सौम्य वाटला की दुसऱ्याच दिवशी थेट लाइन जोडेल. कंपनीला तसं पत्र लिहिलंय, चित्र काढून त्या जागी ज्यूलचा आकडा आणि काटेरी तारेबद्दलची सूचना छापा म्हणून. उत्तर आलं की इथेच लिहीन आणि बदल झाला असेल तर पाचवा ताराही देईन.